कळकळ आणि धर्मवेड

ज्यास आपल्या धर्माची फार कळकळ तो धर्मवेडा, असे म्हणण्याची सुशिक्षितांत वहिवाट पडून गेली आहे. ख्रिस्ती मनुष्य आपल्या श्रद्धेविषयी दोन शब्द उत्साहाने बोलू लागला की शेजाऱ्यांचे कान टवकारलेच. उलटपक्षी, आपल्या आततायीपणास कळकळीचे गोंडस नाव देऊन मोकळे होणारे उपदेशकही काही थोडे नाहीत. एक पक्ष सोन्यास पितळ म्हणतो, दुसरा पितळ सोन्याच्या भावाने विकतो. कसोटीचा दगड मात्र कोणीच हाती धरीत नाही. आम्हांस या दोघांशीही भांडावयाचे आहे.

कित्येकांच्या मते हा केवळ प्रमाणाचा प्रश्न होय. थोडी श्रद्धा बरी, अधिक झाली की ती कळकळ, आणि फारच वाढली म्हणजे वेड! हे मत वरवर शहाणपणाचे दिसते, परंतु ते साफ चुकीचे आहे. तुकोबांची भक्ती कोणत्या मापाने बेताची होती? तरीही त्यांस धर्मांध म्हणावयास कोणाची जीभ धजत नाही. श्रद्धा किती, हे पाहून काहीच कळत नाही. समोरच्याने 'नाही' म्हटले असता तिचे काय होते, हे पाहावे. खरी कळकळ नकार सोसते, दुःखी होते, वाट पाहते. धर्मवेडास नकार हा अपमान वाटतो, आणि तेथून सक्तीस प्रारंभ होतो.

आम्ही हे पातुरास बसून लिहीत आहो. येथे खडकात कोरलेले प्राचीन विहार आहेत, आणि ज्यांच्यावरून या गावास 'पातूर शेखबाबू' हे जुने नाव पडले त्या शेखबाबूंचा दर्गाही आहे. छिन्नीने डोंगर पोखरणाऱ्यांची श्रद्धा आमच्या आजच्या श्रद्धेहून कमी उत्कट होती असे कोण म्हणेल? एकाच गावाच्या शिवेत निरनिराळ्या उत्कट श्रद्धांच्या खुणा शेजारी शेजारी उभ्या असलेल्या आम्ही नित्य पाहतो. म्हणूनच उत्कटता हाच दोष, हा सिद्धान्त आम्हांस मान्य नाही.

आता ख्रिस्ती धर्माचेच उदाहरण घेऊ. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची उत्कटता मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही काळ पतीपासून दूर राहून त्या पुढे त्यांच्याकडे परत आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. ज्या मनुष्यास जगास ख्रिस्ताकडे आणावयाचे होते, त्याच्या स्वतःच्या घरातच 'नाही' हा शब्द नांदत होता! टिळकांनी तो सोसला. जातिभेद देवाने केलेला नव्हे, माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंस त्यांच्याच विचाराने पटले, आणि 1900 साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या बाईचे मन कोठेही दबलेले दिसत नाही, याचे मर्म आम्हांस येथेच सापडते.

याच्या उलट चित्र पाहावयाचे तर गोव्याकडे वळावे. 1579 साली तेथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लोकांची भाषा आत्मसात करून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली छापले गेले. त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते, आणि मधली काही वर्षे वगळता ते 1812 पर्यंत टिकले. 1684 साली तर तेथील व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. धर्म तोच, क्रूस तोच. परंतु पटवून देणाऱ्यास ऐकणाऱ्याची भाषा शिकावी लागते, सक्ती करणाऱ्यास ती नकोशी असते. स्टीफन्सही त्याच राजवटीच्या छायेत वावरत होते, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच त्यांच्या ओवीचे मोल आम्हांस अधिक वाटते.

येथे आमचे हिंदू वाचक मान डोलावतील. त्यांनी जरा थांबावे. 1843 साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा एक अल्पवयी ब्राह्मण मुलगा स्कॉटिश मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. अजाण मुलास बापाच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेणे ही कळकळ नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण मुलगा परत आल्यावर सनातन्यांनी काय केले? प्रायश्चित्त देऊन त्यास घरात घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर मुलास सोडून लोक बाळशास्त्र्यांवरच उलटले. बापास मुलगा परत हवा होता. धर्मवेड्यांस तो बाटला हेच महत्त्वाचे वाटत होते. वेडास कोणत्याही एका धर्माचे वावडे नसते, हे यावरून दिसते.

आमच्या वऱ्हाडाचाही या वादाशी निकट संबंध आला आहे. 1954 साली, वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना, त्या सरकारने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली. 1956 च्या अहवालात तिने आमिषे दाखवून होणाऱ्या धर्मांतरांवर कडक ठपका ठेवला आणि ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच असेल अशा परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे, असे सुचविले. ख्रिस्ती लोकांनी या अहवालास एकांगी म्हटले. त्यांचा आक्षेप काहीही असो, पण भुकेल्याच्या ताटाशेजारी बाप्तिस्म्याचा कागद ठेवणे हे पाप आहे, हे सांगावयास समिती कशास हवी होती? ते चर्चनेच प्रथम सांगावयास हवे होते. कारण भुकेल्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीक उरत नाही, आणि जेथे 'नाही' म्हणता येत नाही तेथले 'होय' कवडीमोलाचे. परंतु तोच अहवाल हाती नाचवून प्रत्येक ख्रिस्ती शेजाऱ्यास 'तू किती घेतलेस?' असे विचारणाऱ्यांनी परतवाड्याजवळच्या कोठाऱ्यास एकदा जावे. तेथील कुष्ठरुग्णालय मिशनच्या कळकळीतून उभे राहिले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली तपोवनात कुष्ठरोग्यांस आसरा दिला तो हिंदू कळकळीतून. जखम धुणारा हात कोणाचा, हे जखम विचारीत नाही. धुणाऱ्यानेही जखमेकडे मोबदला मागू नये.

यावर ख्रिस्ती उपदेशक म्हणेल, "आत्मा नाशाकडे चाललेला दिसत असता मी स्वस्थ कसा बसू?" स्वस्थ बसावे असे आम्ही म्हणत नाही. बोलावे, विनवावे, वाद घालावा. परंतु शुभवर्तमानातच ती गोष्ट आहे ना? शोमरोन्यांच्या एका गावाने येशूस आसरा नाकारला, तेव्हा याकोब व योहान आकाशातून अग्नी मागवावयास निघाले. येशूने त्यांस धमकाविले, आणि मंडळी दुसऱ्या गावास गेली. शिष्यांचा उत्साह थोडा होता काय? तो उदंड होता, आणि तरी धन्याने त्यास आपला म्हटले नाही. ख्रिस्ती धर्मवेड्यावर याहून मोठा आरोप आम्ही काय ठेवावा?

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील की धर्मांतर हाच मुळी समाजावर घाला आहे. सक्तीचे आणि लाचेचे धर्मांतर घालाच होय, आणि त्यास कायद्याने अवश्य रोखावे. पण जाणत्या माणसाने पूर्ण विचारान्ती आपल्या वडिलांच्या धर्मास 'नाही' म्हटले, तर त्याच्या घरावर चालून जाणाऱ्या जमावास धर्मरक्षक हे नाव शोभत नाही. आपल्या मुलाचा नकार ज्या समाजास सोसत नाही, त्याने मिशनऱ्यास अतिरेकी म्हणण्यापूर्वी आरशात पाहावे.

श्रद्धा पातळ करून शांतता मिळेल, ही आशा आम्हांस फोल वाटते. पातळ श्रद्धेचे लोक जमावापुढे उभे राहत नाहीत आणि कुष्ठरोग्याचे पायही धूत नाहीत. आम्हांस कळकळीची माणसे हवीत, ख्रिस्ती हवीत, हिंदू हवीत, मुसलमान व बौद्धही हवीत. त्यांच्याकडे आमचे मागणे एकच: ज्यास दुसऱ्याचा नकार ऐकवत नाही त्याने उपदेशास बाहेर पडण्यापूर्वी आपल्याच देवाची ओळख नीट करून घ्यावी.