उंदरांची झोप आणि आपल्या मुलांचा जादा तास



मागच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या जादा तासाला माझ्या वर्गातली एक मुलगी रोज डुलक्या काढायची. आदल्या दिवशी फळ्यावर स्वतः सोडवलेलं अपूर्णांकाचं गणित दुसऱ्या दिवशी तिला नवीनच वाटायचं. आईला बोलावलं. ती माउली म्हणाली, "मॅडम, रात्री अकरापर्यंत बसवते, पहाटे साडेचारला परत उठवते. झोप येऊ नये म्हणून चहा पण देते. अजून काय करू?" मी सांगितलं, "अजून थोडा सराव घ्या." आज ते वाक्य मला खटकतं. का खटकतं, ते सांगण्यासाठी आजचा लेख. त्यासाठी आधी उंदरांकडे जावं लागेल.

झोप म्हणजे आळस, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. पण झोप येणं ही मेंदूतली रासायनिक क्रिया आहे. मेंदूच्या पेशी काम करताना एटीपी नावाचं इंधन वापरतात. त्यातून अ‍ॅडेनोसिन तयार होतं. आपण जितके जास्त वेळ जागे, तितकं ते साठत जातं. पेशींवर त्याच्यासाठी खास जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. अ‍ॅडेनोसिन तिथे जाऊन बसलं की मेंदूला निरोप मिळतो, 'आता थांब'. झोपेत त्याचं प्रमाण पुन्हा कमी होतं.

चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं याच जागा अडवून बसतं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ए-टू-ए हा ग्राही नसलेल्या उंदरांना कॅफिन दिलं, तर त्यांची झोप उडालीच नाही. म्हणजे कॅफिन थकवा घालवत नाही, थकव्याचा निरोप अडवतं. पहाटेच्या चहाने मूल जागं दिसतं, पण त्याची राहिलेली झोप काही भरून निघत नाही.

आता शिकण्याकडे येऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात टेड एबल यांच्या गटाने उंदरांना एका नव्या पेटीत ठेवून पायाला सौम्य झटका दिला. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीत उंदीर भीतीने थिजला, तर त्याला कालचं आठवतंय असं समजायचं. शिकल्यानंतर लगेचचे पाच तास ज्यांना जागं ठेवलं, त्यांची आठवण कच्ची निघाली. पण पहिले पाच तास झोपू दिलं आणि नंतरचे पाच तास जागवलं, तर तसं नुकसान दिसलं नाही. हे 2003 सालचं काम. असल्या प्रयोगांत उंदरांना जागं कसं ठेवतात, माहितीये? पिंजऱ्यावर टकटक करून, हलकेच हात लावून. आपण "ए, झोपू नको" म्हणत मुलाला हलवतो, अगदी तसंच.

2009 मध्ये याच गटाने कारण शोधलं. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नवी आठवण पक्की करतो. त्यासाठी पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या लागतो. पाच तासांच्या जागरणाने त्याला तोडणारं विकर वाढलं आणि निरोप अर्ध्यावर राहिला. ते विकर औषधाने रोखलं तेव्हा उंदरांची स्मृती सावरली. (म्हणून कुणी मुलांसाठी गोळी शोधू नका! आपल्याकडे औषध आहेच, रात्रीची झोप.)

तिसरा प्रयोग मला सगळ्यात जास्त बोचला. न्यूयॉर्क विद्यापीठात वेन-बिआओ गान यांच्या गटाने उंदरांना फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकवलं. तासभर सराव, मग काहींना सात तास झोपू दिलं, काहींना जागं ठेवलं. झोपलेल्यांच्या मेंदूत पेशींच्या फांद्यांवर नव्या जोडण्यांचे कोंब जास्त फुटले. आणि जागरण झालेल्यांकडून जास्तीचा सराव करून घेतला, तरी ती तूट भरली नाही. हे काम 2014 चं. आता माझं "अजून थोडा सराव घ्या" आठवा.

कुणी म्हणेल, उंदीर कुठे आणि आपली पोरं कुठे? बरोबर आहे. उंदीर दिवसा झोपतो, तेही तुकड्या-तुकड्यांत. त्यामुळे ते 'पाच तास' जसेच्या तसे मुलांना लावायचे नाहीत. पण अ‍ॅडेनोसिन आणि सायक्लिक एएमपी आपल्याही मेंदूत आहेत. आणि मुलांसाठीचं मापही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 9 ते 12 तास झोप सांगितली. रात्री अकरा ते पहाटे साडेचार हे होतात साडेपाच तास. आपल्याच म्हणीत 'लवकर निजे' आधी आहे, 'लवकर उठे' नंतर. आपण फक्त दुसरा भाग पाठ केला.

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. निर्णय चांगलाच आहे. पण आपण सातलाच जादा तास लावला, किंवा घरी बारापर्यंत मोबाईल चालू राहिला, तर त्याचा उपयोग काय?

घरच्या अडचणी मला माहीत आहेत. एकच खोली, उशिरा येणारे वडील, नऊनंतर होणारा स्वयंपाक. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून सुरुवात आपण शिक्षकांनीच करावी, असं माझं मत आहे. जादा तास शाळा सुटल्यावर घ्यावा, पहाटे नको. गृहपाठ अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच द्यावा. अवघड घटक शिकवला त्या दिवशी तर आणखी कमी. पालकसभेत गुण सांगण्याआधी "किती वाजता झोपतो?" हे विचारावं. पालकांना एकच विनंती, अभ्यासासाठी मुलाला चहा देऊन जागवू नका.

या वर्षी मी जादा तास दुपारी नेला. निकाल वाढेल की नाही, ते आज सांगता येणार नाही. पण समोर डुलक्या काढणारं मूल दिसलं, की मी आता खडू फेकत नाही. जवळ जाऊन विचारते, "काल कधी झोपलास रे बाळा?"

तुमच्या वर्गातली मुलं किती वाजता झोपतात? उद्या एकदा विचारून बघा.