काठ पाहिला, खोरे राहिले

मराठी माणूस नर्मदेवर जातो तो बहुधा पुस्तक वाचून, आणि परत येतो तो बहुधा पुस्तक लिहायच्या तयारीने. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने ही वाट मराठी साहित्यात आणली, जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने ती घरोघरी नेली, आणि आज परिक्रमेचे अनुभवकथन हे आपल्या ग्रंथव्यवहारातले बारमाही पीक झाले आहे. माझी तक्रार श्रद्धेबद्दल नाही. ज्याला चालायचे आहे त्याने खुशाल चालावे. तक्रार आहे ती या लेखनाच्या नजरेबद्दल. ते काठ पाहते, खोरे पाहत नाही. घाट पाहते, त्यामागचे गाव पाहत नाही. आणि ज्या नदीचे ते वर्णन करते, ती नदी आता बऱ्याच ठिकाणी उरलेलीच नाही.

अमरकंटकपासून भरूचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. या वाटेवर बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर ही मोठी धरणे उभी आहेत. म्हणजे प्रवाहाचा बराच भाग एकापुढे एक मांडलेल्या जलाशयांचा आहे. ओंकारेश्वरच्या घाटावर किती पायऱ्या पाण्याखाली जातील हे पाऊस जितके ठरवतो, तितकेच वरच्या धरणातली वीजनिर्मितीही ठरवते. तरी आपली पुस्तके ‘अखंड वाहणारी मैया’ लिहीत राहतात. परिक्रमेतला सर्वांत गाजलेला टप्पा शूलपाणीच्या झाडीचा. त्या झाडीचा मोठा भाग सरदार सरोवरात गेला. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले आणि नवे गोरा इथे उभे राहिले. चालणाऱ्याला काठ सोडून दूरवरून वळसा घालावा लागतो. वळशात पाय किती दुखले ते पुस्तकात येते. वळसा का पडला ते येत नाही.

यावर उत्तर तयार असते: आम्ही यात्रेला गेलो होतो, धरणांचा अभ्यास करायला नव्हे. पण धरणांनी यात्रेकरूंना वगळलेले नाही. एप्रिल २००५ मध्ये मध्य प्रदेशातल्या धाराजीच्या मेळ्यात अमावास्येच्या स्नानासाठी हजारो भाविक काठावर जमले होते. वरून, इंदिरासागरातून, पाणी सोडले गेले. पन्नासहून अधिक माणसे वाहून गेली. ती आंदोलक नव्हती, अभियंते नव्हती. ‘नर्मदे हर’ म्हणणारी साधी माणसे होती. या नदीचे पाणी कोण आणि केव्हा सोडतो, हे ठाऊक असणे भक्ताच्याही जिवाशी निगडित आहे. ते न सांगणारे भक्तिपर पुस्तक भक्ताच्याही कामाचे नाही.

आता शहरांकडे वळू. मराठी प्रवासी महेश्वरला हमखास थांबतो. अहिल्याबाईंची राजधानी, किल्ला, घाट, माहेश्वरी साड्या. रावेरखेडीला बाजीरावांच्या समाधीपुढे उभा राहतो, त्याचा ऊर भरून येतो. यात गैर काही नाही. पण याच खोऱ्यातले हरसूद त्याला ठाऊक नसते. हरसूद हे खंडवा-इटारसी लोहमार्गावरचे गाव. मुंबईहून जबलपूर-प्रयागकडे निघालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी खिडकीतून ते स्टेशन पाहिले असेल. २८ सप्टेंबर १९८९ रोजी विनाशकारी विकासाला विरोध करायला देशभरातून हजारो लोक तिथेच जमले होते. २००४ च्या पावसाळ्यात ते गाव रिकामे केले गेले. लोकांनी आपापली घरे आपल्याच हातांनी पाडली, दारे, पत्रे, विटा ट्रॅक्टरवर लादल्या आणि छनेराजवळच्या नव्या वसाहतीत नेल्या. लोहमार्गही वळवला गेला. विजय मनोहर तिवारी यांनी यावर हिंदीत ‘हरसूद ३० जून’ लिहिले. पेशव्यांच्या समाधीशी गहिवरणाऱ्या आपल्या प्रवासवर्णनांत हरसूदसाठी एक परिच्छेद निघू नये, याला योगायोग म्हणता येत नाही. आपल्याला खोऱ्यात आपला इतिहास हवा असतो, खोऱ्याचा नको असतो.

आणि जी शहरे काठावर नाहीत, त्यांचे काय? इंदूर नर्मदेवर नाही, पण १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे सत्तर किलोमीटर लांब आणि घाट चढवून वर आणले जाते. उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थात क्षिप्रेत बुडी मारणाऱ्यांच्या अंगावरून जे पाणी गेले, त्यात नर्मदेतून उपसून आणलेले पाणी होते. अहमदाबादेत साबरमतीचा काठ ज्या पाण्याने भरलेला दिसतो, तेही नर्मदेच्या कालव्याचे. इंदूरच्या मराठी घरातला हंडा आणि निमाडातले बुडालेले शेत एकाच हिशेबातल्या दोन नोंदी आहेत. खोरे पाहायला निघालेल्या माणसाने हा हिशेब मांडायला नको?

मराठीत हे कोणी लिहिलेच नाही, असे मुळीच नाही. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदला नर्मदाकाठी राहायला गेले. मेधा पाटकरांचे आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे काम मराठीत वारंवार लिहिले गेले आहे. परिक्रमा करणाऱ्या भारती ठाकूर पुढे निमाडातच राहिल्या आणि तिथल्या मुलांसाठी शाळा काढली. पण पुस्तकांच्या दुकानात एक फळी अध्यात्माची आणि दुसरी चळवळीची. एकीवरचा वाचक दुसरीकडे फिरकत नाही आणि लेखकही नाही. एका फळीवर नदी आहे आणि माणसे नाहीत. दुसरीवर माणसे आहेत, पण संध्याकाळी त्याच पाण्यात दिवा सोडणारी त्यांची श्रद्धा नाही. खोऱ्यातल्या माणसाने मात्र ही वाटणी कधीच केलेली नाही.

मी अनुवाद करते. इतर भाषांतले संपादक ‘मराठीतली नर्मदा’ मागतात, तेव्हा ही वाटणी माझ्या टेबलावर येते. परिक्रमेच्या पुस्तकांतला भिल्ल एक तर झाडीत लुटणारा ‘मामा’ असतो, नाही तर वाट दाखवून अदृश्य होणारा देवदूत. दोन्ही वेळा त्याला नाव नसते, गाव नसते आणि भाषाही नसते. तो मोडकी हिंदी बोलतो. वास्तविक सरदार सरोवरात महाराष्ट्राचीही ३३ गावे गेली, नंदुरबार जिल्ह्यातली. तिथे पावरी आणि भिलोरी बोलतात, आणि आंदोलनाच्या जीवनशाळांनी मुलांना त्याच बोलींतून शिकवायला घेतले. आपल्याच राज्याच्या भाषा आपल्या प्रवासवर्णनात मोडकी हिंदी होऊन येत असतील, तर अनुवादकाने काय करावे? लेखकाने जे ऐकलेच नाही, ते मी बंगालीत किंवा कन्नडमध्ये कुठून आणू? मौनाचा अनुवाद मौनच होतो, फक्त आणखी एका भाषेत.

कोणी म्हणेल, प्रवासवर्णन म्हणजे पुनर्वसनाचा अहवाल नव्हे. मान्य. पण जबलपूरचे अमृतलाल वेगड १९७७ पासून टप्प्याटप्प्याने हा काठ चालले, हिंदीत आणि गुजरातीत लिहीत राहिले, आणि त्यांच्या लेखनात घाटांइतकीच माणसेही भेटतात. ते चित्रकार होते, कार्यकर्ते नव्हते. माणसे पाहायला कोणत्याही पक्षाचे सभासद व्हावे लागत नाही.

म्हणून मागणी वाचकाकडे कमी आणि संपादक-प्रकाशकांकडे जास्त आहे. परिक्रमेचे पुढचे हस्तलिखित हाती आले की लेखकाला एवढेच विचारा. ज्या रात्री आश्रमाच्या पायरीपर्यंत पाणी चढले, त्या रात्री वर कोणत्या धरणाचे दरवाजे उघडले होते? ज्या बाईने भाकरी दिली तिचे नाव काय, ती कोणती भाषा बोलत होती, आणि ते घर तिचे मूळचे की पुनर्वसनातले? उत्तरे मिळाली तर पुस्तक छापा. नाही मिळाली, तर लेखकाला परत पाठवा. वाट त्याच्या ओळखीची आहे.