अस्मानी बर्फ, सुलतानी हिशेब

काश्मीरच्या खोऱ्यात हिवाळ्यालाही पंचांग असते. २१ डिसेंबरला 'चिल्लई कलान' हा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. त्यामागून वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा' येतो. या सत्तर दिवसांची तरतूद तेथील गृहिणी उन्हाळ्यापासून करीत असते. वांगी, दुधी, टोमॅटो कापून, दोऱ्यात ओवून वाळविले जातात. शरद ऋतू सरताना चिनाराची गळलेली पाने झाडून गोळा करावयाची, ती पेटवून पाणी शिंपडून विझवावयाची आणि त्यांचा कोळसा पोत्यांत भरून ठेवावयाचा, हा गरीब घरांचा नेम. हाच कोळसा पुढे कांगडीत जातो व कांगडी फेरनच्या आत. ज्यांना विजेच्या शेगडीचे बिल परवडत नाही, किंवा ज्यांच्या घरी ऐन थंडीत वीजच नसते, त्यांची ऊब ती एवढीच.

हे पंचांग अलीकडे तीन वर्षे पुरी होण्याच्या आत तीन वेळा मोडले. ३ नोव्हेंबर २०१८, ७ नोव्हेंबर २०१९ आणि २३ ऑक्टोबर २०२१ या तिन्ही दिवशी खोऱ्यात अवेळी बर्फ कोसळले. चिनाराची पाने अजून झाडावरच होती; ती बर्फासह खाली आली आणि चिखलात कुजली. पांपूरच्या पठारावर केशराची फुले ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पूर्वार्धापर्यंत फुलतात. वर्षाचे उत्पन्न देणारी ही दोन-तीन आठवड्यांची सुगी अशा बर्फाखाली सापडते. उंचावरच्या कुरणांतून कळप घेऊन उतरणाऱ्या बकरवालांची तर त्याहून बिकट अवस्था. त्यांच्या तंबूला ना भिंत, ना पत्ता. आणि ज्याला पत्ता नाही त्याचा पंचनामा होत नाही.

परंतु सर्वांत मोठा घाव बसला तो सफरचंदाच्या बागांवर. जानेवारीत दोन फूट बर्फ पडले तरी सफरचंदाचे झाड ते सहज सोसते, कारण तेव्हा त्याच्या अंगावर एक पानही नसते. नोव्हेंबरच्या आरंभी मात्र झाड पानांनी भरलेले असते आणि उशिरा तयार होणाऱ्या जातींची फळेही फांदीवर असतात. या वेळचे बर्फ ओले व जड असते. प्रत्येक पान त्याचा गोळा धरून ठेवते, फांदी वाकते, आणि पहाटेपर्यंत खोड मध्यभागी उभे चिरले जाते. जुन्या पद्धतीच्या बागेत रोप लावल्यापासून भरघोस पीक येईपर्यंत आठ-दहा वर्षे जातात. बागाईतदाराचे तेथे एका वर्षाचे पीक गेले असे म्हणणे हा हिशेबातला भ्रष्टाचार आहे. त्याचे दशक गेले.

यावर सरकारदरबारी ठरलेले उत्तर असे की, निसर्गापुढे कोणाचे चालते? प्रश्न मोठा तत्त्वज्ञानी थाटाचा आहे. मराठी शेतकऱ्याने मात्र या बाबतीत शतकानुशतके एक भेद सांभाळून ठेवला आहे. आभाळातून येते ती अस्मानी आणि राज्यकर्त्यांकडून येते ती सुलतानी. बर्फ कधी पडावे हे दिल्ली किंवा श्रीनगरचे सचिवालय ठरवीत नाही हे मान्यच. पण पडलेल्या बर्फाचे ओझे कोणाच्या पाठीवर टाकावयाचे हे तेथेच ठरते, आणि ते बर्फ पडण्याच्या पुष्कळ आधी ठरलेले असते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत कोणत्या आपत्तींना द्यावयाची याची एक राष्ट्रीय यादी आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकषांतील ही यादी पाहावी. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, दव गोठणे आणि थंडीची लाट. हिमस्खलन आहे, हिमवर्षाव नाही. म्हणजे डोंगरावरचे बर्फ घसरून अंगावर आले तर ती आपत्ती, आणि तेच बर्फ आभाळातून सरळ बागेवर पडले तर ते हवामान! देशातील सफरचंदांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग ज्या प्रदेशात पिकतो, त्या प्रदेशाची सर्वांत ठळक आपत्ती यादीत बसत नाही, याचे कारण यादी करणारांनी सपाट प्रदेश डोळ्यांसमोर ठेवला हेच असावे. राज्यांना या निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो, आणि जम्मू-काश्मीर प्रशासनाने जानेवारी २०२१ मधील हिमवर्षावानंतर याच तरतुदीचा आधार घेतला. हक्काच्या जागी मेहेरबानी आली ती अशी. संकट आले की आधी ते संकट आहे अशी घोषणा व्हावी म्हणून शिष्टमंडळे न्यावयाची, निवेदने द्यावयाची, आणि तोवर चिरलेली खोडे उन्हात वाळू द्यावयाची.

बरे, यादीत नाव घालून मदत मिळाली असे धरून चालू. २०१५ ते २०२० या काळातील राष्ट्रीय निकषांप्रमाणे बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत आणि नुकसान निदान ३३ टक्के असेल तर. २०२२ मध्ये हा आकडा २२,५०० झाला. त्याचे अधिकृत नाव 'निविष्ठा अनुदान', म्हणजे पुढच्या हंगामाच्या बी-खतासाठी हातभार. सहा-सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. २०१८ वा २०१९ साली ज्याची बाग गेली त्याच्या एका झाडाचा वाटा या दराने ६५ रुपयांच्या आसपास येतो. एखाद्या उदार प्रशासनाने आपल्या पदरचे घालून तो दुप्पट केला तरी १३० रुपये. दहा वर्षे पाणी घातलेल्या, औषधे मारलेल्या, पोरासारख्या वाढविलेल्या झाडाची ही किंमत! गव्हाचे पीक बुडाले तर पुढच्या साली गहू पेरता येतो. झाड पेरून पुढच्या साली फळ येत नाही, हे निकष लिहिणाऱ्या विद्वानांना कोणी सांगितले नसेल असे मानणे कठीण आहे.

आणि हे बागाईतदार म्हणजे कोणी धनिक जमीनदार असेही समजण्याचे कारण नाही. १९५० च्या कायद्याने १८२ कनालांवरील जमीन विनामोबदला काढून ती कसणाऱ्यांना दिली. देशात इतक्या धिटाईने झालेली जमीन-सुधारणा दुसरी क्वचितच सापडेल. त्यातून फळबागा वगळल्या होत्या, आणि त्या पळवाटेने पुष्कळ मिरासदार तरून गेले, हाही इतिहास आहेच. तरीही आजचे चित्र छोट्या धारणेचे आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे जम्मू-काश्मीरमधील सरासरी धारणा ०.५९ हेक्टर होती. एवढ्या जमिनीवरचा माणूस फळ झाडावर असतानाच अडत्याची उचल घेतो. त्याच्या बागेत खुडणी करणारी, पेट्या भरणारी, पेट्यांना खिळे ठोकणारी माणसे तर महसुली दप्तरात नसतातच. मदत सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर मिळते. रोजगार बुडाल्याचा उतारा कोठे मिळतो?

२०१९ चे वर्ष या साऱ्याहून वेगळे होते, आणि त्याचा हिशेब वेगळाच मांडावयास हवा. ५ ऑगस्टला खोऱ्यातील दूरध्वनी व इंटरनेट बंद झाले. १४ ऑक्टोबरला पोस्टपेड मोबाइलवरून बोलता येऊ लागले. सामान्य माणसाच्या हातातले प्रीपेड फोन व इंटरनेट बंदच राहिले. मोबाइलवर मंद गतीचे इंटरनेट आले ते जानेवारी २०२० मध्ये. याच ऑक्टोबरात दहशतवाद्यांनी शोपियान भागात परप्रांतीय ट्रकचालकांची हत्या केली, आणि महिनाअखेरीस कुलगाममध्ये मुर्शिदाबादहून आलेल्या पाच मजुरांना ठार मारले. त्या खुन्यांना काश्मिरी शेतकऱ्याचा कैवार घेण्याचा कसलाही अधिकार नाही. त्यांनी त्याचे ट्रक पळवून लावले आणि त्याचे मजूर घरी धाडले. पण खुडणी रखडली ती केवळ बंदुकीमुळे नव्हे. दलालाशी भाव बोलता येत नाही, ट्रक मागविता येत नाही, दूरच्या मंडईतली आवक कळत नाही, अशा स्थितीत फळ झाडावरच राहते. सरकारने नाफेडमार्फत बारा लाख टन सफरचंदे खरेदी करण्याचे लक्ष्य जाहीर केले. प्रत्यक्ष खरेदी त्याच्या अगदी किरकोळ अंशापुढे गेली नाही. अशा रीतीने लांबलेल्या हंगामावर ७ नोव्हेंबरला बर्फ पडले. हवामानाचा अंदाज मुठीतल्या फोनवर पाहण्याची सोय ज्या शासनाने काढून घेतली, त्यानेच नंतर निसर्गाकडे बोट दाखवावे, ही मखलाशी अस्सल सुलतानी म्हणावी लागेल.

त्या रात्री खोरे अंधारातही गेले. पानांनी भरलेली झाडे तारांवर कोसळली, खांब वाकले, आणि अनेक भागांत कित्येक दिवस वीज आली नाही. अशा वेळी खांबावर चढतो तो वीजखात्याचा रोजंदार. या खात्यात 'कायमस्वरूपी रोजंदार' नावाचा एक वर्ग आहे. दोन परस्परविरोधी शब्द एकत्र नांदविण्याची किमया फक्त सरकारी भाषेलाच साधते. त्याखाली पुन्हा 'तात्पुरते रोजंदार'. पुरेशा साधनांविना काम करताना त्यांतले अनेक मेले, अनेकांचे हात गेले. डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे वीस हजार वीजकर्मचारी संपावर गेले, तेव्हा पारेषणाची मालमत्ता पॉवर ग्रिडबरोबरच्या संयुक्त कंपनीकडे देऊ नये आणि रोजंदारांना कायम करावे, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. शासनाने जम्मूत वीजकेंद्रांवर लष्कर आणले. काही दिवसांतच संयुक्त कंपनीचा प्रस्ताव स्थगित ठेवण्याचे मान्य करावे लागले व संप मिटला. पण त्या दिवसांत एक गोष्ट सिद्ध झाली होती. ज्यांना कायम करण्याइतके महत्त्व नाही असे म्हटले जात होते, त्यांची जागा भरून काढावयास सैन्य लागले.

आता विद्यापीठे आणि खाती उपाय सांगतात. बर्फ पडू लागताच फांद्या हलवून ते झाडावे. फळ वेळेवर खुडावे. चिरलेल्या खोडाला नट-बोल्ट लावून लेप द्यावा. आणि शेवटी, जुनी झाडे काढून दाट लागवडीची बुटकी झाडे लावावीत. सल्ला चुकीचा नाही. बुटकी झाडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ देऊ लागतात हे खरे आहे. पण त्यांना तारांचे मांडव लागतात, ठिबक लागते, विकतची कलमे लागतात. अनुदान निम्म्या खर्चाचे मिळाले तरी उरलेला निम्मा आणि मधली रिकामी वर्षे कोणी सोसावयाची? शिवाय गारपिटीपासून रक्षण करणारी जाळी वेळीच उतरविली नाही, तर अवेळी बर्फ त्या जाळीवर साचून मांडवच खाली आणते. फळ लवकर खुडावे म्हणे! कच्च्या, रंग न चढलेल्या फळाचा भाव कोण देणार? माल ठेवावयास शीतगृहे आहेत, लासीपोरा येथे ती ओळीने उभी आहेत. पण वीसेक लाख टनांच्या उत्पादनापुढे त्यांची क्षमता तोकडी, आणि ज्याने उचल घेतली आहे त्याला माल ठेवून वाट पाहण्याचे स्वातंत्र्यच नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये बडगामहून दिल्लीकडे फळांची रेल्वे सुरू झाली, ते चांगलेच झाले. रेल्वे खुडलेले फळ नेते. मोडलेल्या झाडाला तिचा उपयोग नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे दूरचे वाटू नये. वाशीच्या फळबाजारात काश्मीरच्या पेट्या उतरतात, हा एक दुवा झाला. दुसरा अधिक जवळचा आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने येथील द्राक्षबागा आडव्या केल्या, तेव्हा वेल गेला तरी पैसे पिकाचे, हा न्याय येथेही अनुभवास आला होता. गारपीट निदान यादीत होती. काश्मीरचा बागाईतदार त्या यादीच्याही दाराबाहेर उभा आहे, आणि २०१८ व २०१९ मध्ये त्याच्या सफरचंदावर पीकविम्याचे छत्रही नव्हते. नाशिकच्या द्राक्षकऱ्याने आणि शोपियानच्या सफरचंदवाल्याने एकच मागणी एका सुरात केली, तर ती टाळणे दिल्लीला पुष्कळ जड जाईल.

ती मागणी अवघड नाही. अवेळी हिमवर्षावाचे नाव राष्ट्रीय यादीत घालावे. बहुवार्षिक बागांची भरपाई हेक्टरावर न देता झाडावर द्यावी, आणि झाडाच्या वयाप्रमाणे, ते पुन्हा फळावर येईपर्यंतच्या वर्षांसाठी द्यावी. त्यासाठी दर ऑगस्टमध्ये गावोगाव झाडांची नोंदवही पुरी करून ती गावातच वाचून दाखवावी, म्हणजे बर्फ पडल्यावर पंचनाम्याच्या नावाने महिने काढता येणार नाहीत. खुडणी व पेटीबंदीच्या मजुरांची नोंद त्याच वहीत व्हावी. विम्याच्या कराराची भाषा उर्दूत व काश्मिरीत असावी आणि त्यातील हिमवर्षावाचे कलम हंगामाच्या तारखेऐवजी झाडावरच्या पानांकडे पाहून लिहावे. आणि खांबावर चढणाऱ्याला पुढच्या ऑक्टोबरच्या आत नेमणुकीचे पत्र आणि रबरी हातमोजे, दोन्ही मिळावेत.