मांजा कोणाच्या हातचा?



उत्तरायण जवळ आले की लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या आपल्या पोरांचे पाय डबगरवाडकडे वळतात. खानदेशातून आलेल्या आपल्या लोकांना हे वेड सुरतेनेच लावले. १४ जानेवारीला गच्चीवर तिळगूळ आपला, उंधियू शेजाऱ्यांचे आणि आरोळी सगळ्यांची, 'काप्यो छे!'

यंदा मात्र 'त्यांच्याकडून' मांजा घेऊ नका, अशी कुजबुज आपल्याही मंडळींत ऐकली. निवडणुकीवर डोळा ठेवणारेच ती पसरवतात, हे आम्ही जाणतो. गुजरातेत पतंग बनवणाऱ्यांत मुसलमान कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत. अहमदाबादच्या जमालपुरात तर घरोघरी बायका कागद-कामट्या चिकटवतात. सण आपला, त्यावर चूल त्यांची पेटते. डिसेंबर १९९२ मध्ये याच सुरतेत काय घडले ते पाहिलेल्यांनी तरी ही भाषा बोलू नये.

बहिष्कार घालायचाच तर नायलॉनच्या मांजावर घाला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो आणि दुचाकीवाल्यांचे गळे चिरतो.

मंडळाच्या मुलांसाठी सुती मांजाच्या फिरक्या नेहमीच्याच चाचांकडून येतील. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कुजबुजू नये, बैठकीत येऊन बोलावे.