आखाती रुपयाची बोली

रिझर्व्ह बँकेने १९५९ साली काढलेली दहा रुपयांची लाल नोट भारताने काढली असली तरी ती चालली भारताबाहेर, आणि भारतातल्या दुकानात तिला कायदेशीर चलन म्हणून स्थान नव्हते. कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातींचा प्रदेश येथे दीर्घकाळ भारतीय रुपयाच चालत असे. परंतु भारतातून चोरून नेलेल्या नोटांवर तिकडे सोने घेतले जाई, ते सोने चोरट्या वाटेने पश्चिम किनाऱ्यावर उतरे, आणि त्या नोटा तिकडच्या बँकांमार्फत परत आल्या की भारताला त्यांचे मोल पौंडांत चुकते करावे लागे. ही गळती थांबवण्यासाठी आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या आणि ‘झेड’ अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या नोटा काढण्यात आल्या. संग्राहक त्यांना ‘गल्फ नोट’ किंवा ‘आखाती रुपया’ म्हणतात. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर उरलेल्या बहुतेक राज्यांनी रुपया सोडला, आणि ओमानमध्ये तो १९७० पर्यंत तग धरून राहिला. चलन बदलताना नोटा परत गेल्या. ज्या थोड्या मागे राहिल्या, त्यांना आज जगभर गिऱ्हाईक आहे.

अशा नोटा केवळ अभ्यासू संग्राहकांकडेच असतात असे नाही. कोकणातली अनेक माणसे त्या काळात आखातात किंवा बोटीवर नोकरीला होती, आणि त्यांच्या ट्रंकेत राहिलेल्या पाकिटात आखाती रुपयाबरोबर पूर्व आफ्रिकेचे शिलिंग, इराकी दिनार, सिंगापूर-मलायाचे डॉलर असे नाना देशांचे चलन निघते. पुढच्या पिढीला ते ठेवावेसे वाटत नाही, विकायचे तर कोठे हे ठाऊक नसते, आणि मग मोबाइलवरचा ऑनलाइन लिलाव हाच सोपा मार्ग दिसतो. तो मार्ग वाईट नाही. पूर्वी एखादा वारसदार फोर्टच्या पदपथावरील विक्रेत्याकडे पाकीट घेऊन गेला, तर तो सांगेल तीच किंमत मान्य करावी लागे. आता झालेल्या लिलावांच्या किमती कोणालाही पाहता येतात, आणि लंडनचा संग्राहक व मिरजेचा संग्राहक एकाच नोटेवर बोली लावू शकतात. मात्र या व्यवहारात ग्राहक नोट हातात घेऊन पाहू शकत नाही, त्यामुळे तो प्रत्यक्षात विकत घेतो ते विक्रेत्याने केलेले वर्णन, आणि हे वर्णन करणे हेच विक्रेत्याचे मुख्य काम आहे, हे बहुतेक नवख्यांच्या लक्षात येत नाही.

लिलावाची यंत्रणाच तशी घडलेली आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबेसारख्या संकेतस्थळांवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो, आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. म्हणजे एकाने तीन हजार, दुसऱ्याने पाच हजार आणि तिसऱ्याने आठ हजार नोंदवले असतील, तर तिसऱ्याला ती वस्तू पाच हजारांहून जेमतेम एक पायरी वर मिळते. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये या तत्त्वाची मांडणी केली आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तथापि टपाल तिकिटांचे विक्रेते टपालाने बोली मागवताना एकोणिसाव्या शतकातच ही रीत वापरत होते. विक्रेत्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की किंमत ठरवतो तो सर्वाधिक उत्साही ग्राहक नव्हे, तर त्याच्या मागचा दुसरा ग्राहक, आणि दुसरा जाणकार तेव्हाच पुढे येतो जेव्हा त्याला वर्णनावर भरवसा वाटतो. ठरल्या क्षणी संपणाऱ्या लिलावात बहुतेक जाणकार शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात, तर शेवटच्या बोलीनंतर मुदत आपोआप वाढवणाऱ्या लिलावात ही घाई बरीच कमी होते, असे अल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. तिसऱ्या दिवशी बोली शून्य दिसली म्हणून लिलाव मागे घेणाऱ्या विक्रेत्याला ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

वर्णनाचा पहिला भाग अवस्थेचा. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकी सेंटच्या जुन्या नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी सुचवली. आज नोटांची पारख करून त्यांना बंद पारदर्शक पाकिटात घालून देणाऱ्या संस्थाही तीच श्रेणी वापरतात, आणि ६० किंवा त्यावरची नोट म्हणजे चलनात न फिरलेली, व्यवहारातल्या भाषेत ‘कोरी’ नोट. आखाती दहाची नोट या दृष्टीने तपासायची तर ती खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरावी: मधोमध पडलेली घडी सपाट केली तरी तिची रेघ दिसते, डाव्या बाजूला गड्डीच्या टाचणीची भोके दिसतात, कोपरे गोल झालेले दिसतात, आणि पाठीवरचे शिडाचे गलबत घडीच्या जागी फिके पडलेले असते. भारतात छापलेल्या त्या काळच्या नोटांची गड्डी बँकेत टाचली जाई, म्हणून भोके असणे हा मोठा दोष मानला जात नाही. परंतु ती न सांगणे हा मोठा दोष आहे. नोट धुणे, इस्त्री करणे, फाटल्या जागी चिकटपट्टी लावणे हे उपाय तर तिला कायमचे उतरवतात, कारण धुतलेल्या कागदाचा मूळ कडकपणा जातो आणि चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. नाण्यांच्या बाबतीत आपल्या घरांतील चिंच आणि लिंबू हेच मोठे शत्रू ठरले आहेत. तांब्याच्या भांड्यासारखे लखलखीत केलेले नाणे पाहून घरच्यांना समाधान वाटते, पण वर्षानुवर्षे धातूवर चढलेला जो थर संग्राहकाला हवा असतो तो गेलेला असतो आणि तो पुन्हा आणता येत नाही.

दुसरा भाग ओळखीचा, आणि येथे चुका सर्वांत महाग पडतात. बँको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने गोव्यासाठी नोटा काढल्या तशाच मोझांबिक, मकाव, तिमोर या वसाहतींसाठीही काढल्या. बँकेचे नाव एकच, तरी नोट कोणत्या प्रदेशाची यावर भाव ठरतो. गोव्याच्या १९५९ च्या मालिकेत ३०, ६०, ३०० आणि ६०० एस्कुदो असे विचित्र वाटणारे आकडे आहेत, कारण जुन्या एका रुपयाला सहा एस्कुदो असा दर ठरला होता, म्हणजे ३० एस्कुदो हे पाच रुपये आणि ६०० हे शंभर. नवे चलन आणतानाही पोर्तुगिजांना गोव्याच्या बाजारातला रुपयाचा हिशेब मोडता आला नाही, आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर ते चलनही गेले. उलट, ब्रह्मदेशात जपानी सैन्याने १९४२ पासून चालवलेल्या रुपयाच्या नोटा दुसऱ्या महायुद्धाच्या म्हणून मौल्यवान असतील असे वाटते, पण त्या प्रचंड प्रमाणात छापल्या गेल्या आणि आजही स्वस्त मिळतात. याच्याही उलट झिंबाब्वेच्या शंभर ट्रिलियन डॉलरच्या नोटेचे: २०१५ मध्ये ती रद्द करताना तिच्या बदल्यात अमेरिकी ४० सेंट मिळत होते, आणि संग्राहक आज तिला त्याच्या कितीतरी पट देतात, म्हणूनच तिच्या बनावट प्रतीही बाजारात आल्या आहेत.

याच टप्प्यावर आणखी एक तपासणी करावी: नोट अजून जिवंत आहे का. जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही कोणत्याही मुदतीविना युरोत बदलून देते, डच गुल्डनच्या नोटांची मुदत १ जानेवारी २०३२ पर्यंत आहे. फ्रान्सची मुदत २०१२ मध्ये, स्पेनची २०२१ मध्ये आणि पोर्तुगालची २०२२ मध्ये संपली. जर्मन मार्काची साधी नोट दर्शनी मूल्याहून कमी बोलीला विकणारा विक्रेता अकारण पैसे गमावतो.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. परकीय चलन बाळगण्याविषयीच्या २०१५ च्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशी नाणी कितीही ठेवता येतात, नोटा मात्र २,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंतच. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे, ते परदेशी असले तरी, खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून जुनी नाणी देशातल्या लिलावातच विकावीत. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा दिला होता. लिलावसंस्थेचे कमिशन विक्रीनंतरच्या रकमेतून वजा होते. विक्रीआधी ‘नोंदणी’ म्हणून पैसे मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतो, एवढी खूणगाठ बांधली तरी बरीच फसवणूक टळेल.

वर्णनाचा तिसरा भाग बहुतेक जण वगळतात, आणि सर्वांत अधिक हळहळ त्याचीच वाटायला हवी. वस्तू कोठून आली याचा हा भाग. लंडनहून मुंबईकडे निघालेली शिराला ही बोट २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवली, आणि तिच्यातल्या रुपयाच्या नोटांचे काही ताव इंग्लंडच्या किनाऱ्यावर वाहत आले. त्यांपैकी दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ मध्ये लंडनमध्ये लिलावाला आल्या आणि अपेक्षेहून बऱ्याच अधिक किमतीला गेल्या, कारण त्यांच्याबरोबर बोटीची हकीकत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस हज यात्रेकरूंसाठी काढलेली, क्रमांकाआधी ‘एचए’ अक्षरे असलेली शंभर रुपयांची नोट लंडनमध्ये सुमारे ५६ लाख रुपयांना गेल्याची बातमी सर्वत्र आली, आणि तेव्हापासून घरोघरच्या पाकिटांविषयी भलत्याच अपेक्षा वाढल्या आहेत. लाखांच्या नोटा अपवादानेच सापडतात. परंतु साध्या आखाती नोटेबरोबर ती कोणी, कोणत्या साली, बहारीनच्या कोणत्या नोकरीतून आणली हे दोन ओळींत लिहिलेले असेल, तर ती नोट पश्चिम किनाऱ्यावरील माणसांच्या स्थलांतराचा कागद ठरते, आणि ऑनलाइन लिलावात नोटा सुट्या सुट्या विकल्या गेल्या की हा संबंध नेमका तेथेच तुटतो, कारण जगाच्या चार कोपऱ्यांतल्या चार ग्राहकांकडे गेलेला संग्रह पुन्हा एकत्र येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असे पाकीट आहे त्यांनी पहिली नोट लिलावात टाकण्याआधी संग्रहातल्या प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, क्रमांकासह यादी करावी, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळेल ती माहिती तिच्यात लिहावी, आणि त्या यादीची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला द्यावी. जुन्या पाकिटावर कोणाच्या हस्ताक्षरात गावाचे, बोटीचे किंवा कंपनीचे नाव असेल, तर ते पाकीट फेकू नये. नोटेबरोबर तेही ग्राहकाकडे पाठवावे.