कोकणातल्या उन्हाळ्यात कूलर कधी कामाचा, कधी नाही?

कोकणची हवा सौम्य, ही समजूत महाड-पोलादपूरकडे मार्चमध्येच मोडते. रायगडमध्येच, सह्याद्रीच्या पायथ्याच्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती.

कारण वाऱ्यात आहे. पूर्वेकडचा कोरडा वारा घाट उतरताना दाबला जातो आणि दर किलोमीटर उतारामागे साधारण १० अंशांनी तापतो. समुद्रावरून येणारा वारा उशिरा आला, की महाड तालुक्यातल्या तुडीलसारख्या आतल्या गावांत दुपार भाजून काढते. अशा कोरड्या दिवशी कूलर किंवा ओला पडदा उत्तम.

समुद्राकडचा वारा सुटला की पारा उतरतो, पण हवा दमट होते आणि घाम सुकत नाही. तेव्हा कूलर खोलीत आणखी ओलच भरतो. मग पंखा आणि समोरासमोरच्या उघड्या खिडक्याच बऱ्या.

रात्रीचं दुखणं वेगळं. कौलं काढून टाकलेला स्लॅब दिवसभर तापतो आणि अंधार पडल्यावर ती उष्णता घरात सोडतो. एसीच्या आधी गच्चीला पांढरा चुना लावून बघावा. खर्च अगदी किरकोळ.

घरातलं वयस्कर माणूस उकाड्यात असंबद्ध बोलू लागलं, तर अंग ओलं करून वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर पाणी पाजू नये.