हिमनदीच्या पोटातलं पाणी आणि आपली विहीर



हिमनदीचा पाठ शिकवताना आपण बहुतेक जण काय करतो? व्याख्या सांगतो, यू आकाराची दरी, हिमगव्हर, हिमोढ हे शब्द फळ्यावर लिहून देतो आणि "हे परीक्षेला येतं बरं का" म्हणून पुढच्या पाठाकडं वळतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग एकदा इथं रिद्धपुरात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बर्फ त दगडासारखा टनक असते. मंग वितळलेलं पानी वरूनच वाहते का आतमंदी घुसते?"

प्रश्न लाखमोलाचा होता, आणि माझ्याकडं त्याचं धड उत्तर नव्हतं. घरी जाऊन वाचलं, समजून घेतलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की हिमनदीतल्या पाण्याचा रस्ता आपल्या मुलांना शिकवलाच पाहिजे, आणि तो विहिरीच्या भाषेत शिकवला पाहिजे. का ते सांगतो.

पाणी बर्फात शिरतं कसं?

हिमनदीच्या वरच्या भागात ताजं, भुसभुशीत हिम असतं. तिथं वितळलेलं पाणी स्पंजात मुरावं तसं मुरतं. खाली, जिथं बर्फ घट्ट आणि उघडा असतो, तिथं उन्हाळ्यात पृष्ठभागावर चक्क ओढे वाहू लागतात. हे ओढे फार लांब जात नाहीत. वाटेत भेग लागली की पाणी तिच्यात घुसतं. वाहतं पाणी बर्फ वितळवत जातं, भेग रुंदावते आणि हळूहळू विहिरीसारखं उभं विवर तयार होतं. त्यात पाणी गरगरत, घुमत कोसळतं. फ्रेंच लोकांनी अशा विवराला 'गिरणी' या अर्थाचा शब्द दिला, मूलँ. मला वर्गात 'बर्फातलं जातं' म्हणायला आवडतं. पोरं लगेच हसतात आणि विसरत नाहीत.

तिथून पाणी बर्फाच्या पोटातल्या भुयारांतून तळाशी, म्हणजे खडकापर्यंत पोचतं. पुढं तळातल्या वाटांनी वाहत हिमनदीच्या मुखातून बाहेर पडतं. गंगोत्री हिमनदीच्या गोमुखातून भागीरथी निघते ती अशीच. ते पाणी बहुतेक वेळा गढूळ, करडं दिसतं, कारण बर्फाखाली घासून निघालेल्या खडकाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. म्हणजे 'जातं' हे नाव अगदीच चुकीचं नाही!

खरी गंमत तळाशी आहे

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळातल्या वाटा अरुंद असतात. अचानक खूप पाणी आलं की ते तुंबतं, त्याचा दाब वाढतो. तो दाब वरच्या बर्फाचं ओझं काही प्रमाणात उचलून धरतो आणि हिमनदी खडकावरून जास्त वेगानं घसरू लागते. पण वाहतं पाणी आपली वाट स्वतःच मोठी करत असतं. काही आठवड्यांत अरुंद गल्ल्यांचे हमरस्ते होतात, पाणी झटपट निघून जातं, दाब उतरतो आणि हिमनदीचा वेग पुन्हा कमी होतो. म्हणजे 'जास्त पाणी, जास्त वेग' इतकं ते सोपं नाही. हिवाळ्यात पाणी आटलं की बर्फाच्या वजनानंच भुयारं दाबली जाऊन बुजतात. पुढच्या वर्षी वाटा नव्यानं तयार होतात.

हे सगळं किती झपाट्यानं होऊ शकतं? 2006 च्या जुलैमध्ये ग्रीनलंडमध्ये बर्फावरचं सुमारे साडेपाच चौरस किलोमीटरचं तळं दोन तासांच्या आत रिकामं झालं. जवळपास एक किलोमीटर जाडीच्या बर्फातून पाणी थेट तळाला गेलं. न दिसणाऱ्या वाटेची ही ताकद.

याचा रिद्धपूरशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये घसा कोरडा पडतो, हिमनदी कुठून आणली? पण आपल्या पायाखाली काय आहे ते बघा. वर माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तो पाषाणही टणक. त्यात पाणी राहतं आणि फिरतं ते भेगांतून, सांध्यांतून आणि कुजलेल्या थरांतून. म्हणून तर एका बोअरला पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरचं दुसरं कोरडं जातं. मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यातल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. झिरा, पाझर, कपार, भेग हे शब्द ती घरूनच घेऊन येतात. हिमनदी समजायला यापेक्षा चांगली शिदोरी कोणती?

मात्र फरकही स्पष्ट सांगा. बर्फातल्या वाटा पाणी दर वर्षी नव्यानं कोरतं; आपल्या खडकातल्या भेगा एका उन्हाळ्यात रुंदावत नाहीत. जितकं मुरेल तितकंच मिळणार. हा फरक कळला की मूल घरी विचारेल, "बाबा, तिसरं बोअर मारून पानी वाढते का? भेग तर तीच हाये!" भूजल उपशानं बेजार झालेल्या आपल्या तालुक्यात हा प्रश्न परीक्षेच्या दोन मार्कांपेक्षा मोठा आहे. कर्ज काढून मारलेलं कोरडं बोअर काय असतं, हे पालकांना मी सांगायला नको.

शिवाय हिमालय आपल्याला वाटतो तितका लांब नाही. जून 2013 मध्ये केदारनाथच्या वर चोराबारी तलावाचा हिमोढाचा बांध फुटला, तेव्हा तिथं आपल्या महाराष्ट्राचे यात्रेकरूही होते. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमतळं फुटलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. वितळलेलं पाणी कुठं साठतं, कुठून वाट काढतं हे आता नुसतं पुस्तकी ज्ञान राहिलेलं नाही.

वर्गात एवढं करून बघा

डब्यात पाणी गोठवून बर्फाची मोठी लादी करा आणि ताटात तिरपी ठेवा. वर चिमूटभर जाडं मीठ टाका, मग रंगाचे चार थेंब. मीठ बर्फ वितळवत खाली उतरेल आणि रंग भेगांच्या वाटा दाखवेल. खऱ्या हिमनदीत हे काम मीठ करत नाही, वाहत्या पाण्याची उष्णता करते, हे सांगायला विसरू नका. शास्त्रज्ञही विवरात रंग सोडतात आणि तो मुखाशी किती वेळानं येतो हे मोजतात. नंतर मुलांना जवळच्या विहिरीवर न्या. झिरा कोणत्या थरातून येतो ते काठावरून, तुमच्या देखरेखीखाली, बघू द्या. वहीत दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढायला सांगा.

ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लोकांच्या बोलीत लीळाचरित्र लिहिलं, तिथल्या पोरांना विज्ञान परक्या शब्दांत घोकायला लावणं मला तरी पटत नाही. व्याख्या पाठ करू द्या, हरकत नाही. पण आधी त्यांना विचारू द्या, "पानी जाते कुठं?" आणि उत्तर आलं नाही तर माझ्यासारखं सरळ म्हणा, "थांब रे, उद्या वाचून सांगतो."

तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर मुलांनी काय विचारलं ते जरूर कळवा.